एकट्या ज्येष्ठ प्रवाशाला मधल्या थांब्यावर विसरल्याबद्दल तक्रार

प्रति,
विमानकंपनीचा ग्राहक तक्रार विभाग

विषय : १४ मे रोजीच्या मुंबई–सिअ‍ॅटल प्रवासात आगाऊ नोंदवलेली मदत न मिळाल्याबद्दल व त्यावरील आपल्या उत्तराबद्दल

महोदय/महोदया,

माझ्या पहिल्या तक्रारीवर आपलं उत्तर मिळालं. 'नोंदीनुसार प्रवाशाला सहाय्य पुरवण्यात आले आहे' असं त्यात म्हटलंय आणि झालेल्या गैरसोयीबद्दल एक वर्ष मुदतीचं व्हाउचर देऊ केलंय. व्हाउचर मला नको. आपली नोंद चुकीची आहे, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

माझं वय ६४. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. याआधी एकदाच विमानात बसले, पुणे ते दिल्ली, तेही मिस्टर होते तेव्हा. या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी एकटीने निघायचं होतं. तिची तारीख मेअखेरची, त्यामुळे प्रवास पुढे ढकलणं शक्य नव्हतं.

तिकीट काढलं त्या दिवसापासून माझ्या पोटात गोळा होता. विमान उडण्याची भीती नव्हती, भीती मधल्या थांब्याची होती. अडीच तासांत एका विमानातून उतरून दुसरं गाठायचं, बोललेलं कळणार नाही, पाट्या वाचता वाचता वेळ निघून जाईल आणि मी कुठे आहे ते घरी कुणालाच ठाऊक नसेल, हे सगळं रात्री दोन-दोन वाजता डोळ्यांसमोर यायचं. जावयांनी एकेक पायरी लिहून पाठवली. ती मी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवली आणि खाली देवनागरीत लिहून ठेवलं, 'आय हॅव अ कनेक्टिंग फ्लाइट. प्लीज टेल मी द गेट.' महिनाभरात तो कागद इतक्या वेळा उघडला आणि मिटला की घड्यांवर विरला, शेवटी मागून चिकटपट्टी लावली. बॅगा वाण्याच्या काट्यावर दोनदा तोलून २३ किलोच्या आत बसवल्या. सुकं खोबरं सामानात चालत नाही असं कळलं, तेव्हा मुलीसाठी फोडून ठेवलेल्या वाट्या शेजारी देऊन टाकल्या.

माझ्या हातात होतं ते मी सगळं केलं. जे हातात नव्हतं, त्यासाठी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. चालता येतं, जिना चढता येतो, फक्त एका विमानापासून दुसऱ्या विमानापर्यंत सोबत कुणीतरी हवं, असं मी स्पष्ट सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, 'व्हीलचेअर टाकते, तेच सोयीचं पडेल.' ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'डब्ल्यूसीएचआर' हा जो कोड माझ्या नावापुढे लागला, तो पायऱ्या चढता येतात पण लांबवर चालवत नाही अशा माणसासाठी असतो. नुसती वाट दाखवण्यासाठी 'मीट अँड असिस्ट' अशी वेगळी नोंद असते, ती कुणी सुचवलीच नाही. माझे पाय थकलेले नव्हते, मला वाट विचारायला माणूस हवा होता.

मुंबईला टर्मिनल दोनवर आपल्या कंपनीच्या मुलाने सगळं व्यवस्थित केलं, विमानाच्या दारापर्यंत आला. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पैसे भरून घेतलेली कडेची सीट काउंटरवर बदललेली निघाली आणि मला खिडकीशी बसवलं. कडेची सीट मी हौसेने घेतली नव्हती. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून मधून मधून उठून चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजारचे दोघे झोपलेले. त्यांना सारखं उठवावं लागू नये म्हणून नऊ तास मी पाणीच प्यायले नाही. उतरताना चपलेचा पट्टा लागेना, इतके घोटे सुजले होते. शाकाहारी जेवण नोंदवूनही मिळालं नाही, पाव आणि फळांवर भागवलं. त्याचं एक वेळ चालवून घेते.

मधल्या थांब्यावर जे झालं ते मात्र चालवून घेणार नाही. दारातून मला खुर्चीत बसवून एका कोपऱ्यात नेलं. तिथे आणखी आठ-दहा खुर्च्या ओळीने लावलेल्या होत्या. नेणाऱ्याने माझा बोर्डिंग पास हातातून घेतला, 'वेट' म्हणाला आणि निघून गेला. एक तास चाळीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. बोर्डिंग पास जवळ नाही, त्यामुळे उठून जायचीही सोय नाही. शेजारी माझ्याच वयाच्या एक तेलुगू बाई होत्या, त्याही सिअ‍ॅटललाच, लेकीकडे निघालेल्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तेलुगू येत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. समोरच्या फलकावर आमच्या विमानाचा गेट बदललेला मी वाचला, तेव्हा त्यांना हाताला धरून उठवलं, काउंटरवर गेले आणि माझा कागद समोर धरून ती दोन वाक्यं मोठ्याने वाचली. आमचे पास तिथेच एका ट्रेमध्ये पडले होते. विमानात आम्ही सगळ्यांत शेवटी चढलो.

त्या तासात कुणी एकदा येऊन 'आजी, अजून वेळ आहे, मी येतोय' एवढं सांगितलं असतं, तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक प्रवासी व्हीलचेअर कमी पडल्याने चालत निघाले आणि कोसळून वारले. त्या प्रकरणी डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, संबंधित विमानकंपनीला ३० लाखांचा दंड केला होता. म्हाताऱ्या माणसाच्या मदतीची नोंद करून ती न पाळणं ही किरकोळ गोष्ट नाही.

सीटसाठी घेतलेली रक्कम परत करा, आणि आपल्या नोंदीत त्या दिवशी मला गेटवर किती वाजता पोचवल्याचं लिहिलंय ते लेखी कळवा. बोर्डिंग पास प्रवाशाच्या हातातून काढून घेण्याची पद्धत बंद करा. हे मी त्या तेलुगू बाईंच्या वतीनेही मागते आहे, त्या स्वतः लिहू शकणार नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करीन. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, आणि ती मी मागीन.

माझं परतीचं तिकीट २ नोव्हेंबरचं आहे, आपल्याच कंपनीचं, त्याच थांब्यावरून. या वेळीही मी एकटीच असेन. विमानाच्या दारापाशी मला घ्यायला कोण येणार आणि तो माणूस आला नाही तर मी तिथे कुणाला गाठायचं, हे त्याआधी मला मराठीत किंवा हिंदीत लिहून पाठवा.

आपली,
एक प्रवासी

सोबत : तिकिटाची प्रत, सीटच्या पैशांची पावती, आपल्या उत्तराची प्रत