सुरक्षित उपनगर कोणते? आधी भागाकार तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर घ्यायला निघालेल्या माणसापुढे हल्ली दोन दर ठेवले जातात : चौरस फुटाचा आणि गुन्ह्यांचा. पहिल्यात कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपचा काय घोळ असतो, हे आता बहुतेकांना कळले आहे. दुसऱ्यातला घोळ मात्र कोणी विचारतच नाही. बदलापूर, विरार, पनवेल, वाघोली यांची ‘जास्त सुरक्षित, कमी सुरक्षित’ अशी क्रमवारी सर्रास लावली जाते, म्हणून हे पत्र.

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. छेदातली लोकसंख्या २०११च्या जनगणनेची, नाहीतर तिच्यावरून बांधलेल्या अंदाजाची. जुन्या, भरलेल्या शहरात हा अंदाज फारसा हुकत नाही. पण कुळगाव-बदलापूर २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेले आणि त्यानंतरही टॉवर उभे राहतच आहेत. समजा, अशा एखाद्या गावात वर्षाला ६०० गुन्हे नोंदले गेले. लोकसंख्या पावणेदोन लाख धरली तर दर येतो ३४३, साडेतीन लाख धरली तर १७१. एकही चोर न पकडता गाव दुप्पट सुरक्षित!

मुंबईशी तुलना करताना तर आणखी गंमत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) महानगरांच्या तक्त्यात मुंबईची लोकसंख्या १८४.१ लाख धरलेली दिसते. ही बृहन्मुंबई महापालिकेची नव्हे. तिची २०११ची लोकसंख्या १२४.४ लाख होती. १८४ लाखांत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळे येतात. गुन्हे मात्र फक्त मुंबई पोलीस आयुक्तालयाचे. म्हणजे डोंबिवलीकर मुंबईच्या छेदात मोजला जातो आणि त्याच्या घरची चोरी अंशात येत नाही. एवढ्यानेच मुंबईचा दर एक तृतीयांशाने खाली उतरतो. याच तक्त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर एवढीच शहरे आहेत. उपनगरी गावांना त्यात स्वतंत्र ओळ नाही.

हद्दी बदलल्या की मागच्या वर्षाशी तुलनाही कोलमडते. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ला सुरू झाले, तेव्हा पुणे शहराची काही पोलीस ठाणी तिकडे गेली, तशी चाकण, आळंदी, तळेगाव ही पुणे ग्रामीणचीही. १ ऑक्टोबर २०२०ला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झाले आणि ठाणे ग्रामीण व पालघर जिल्ह्याचे आकडे घसरले. वाघोली ज्या लोणीकंद ठाण्याच्या हद्दीत होती, ते २०२१मध्ये पुणे शहराकडे आले; २०२४मध्ये वाघोलीला स्वतंत्र ठाणे मिळाले. ‘लोणीकंद हद्दीतील गुन्हे घटले’ असे वाचताना हे माहीत हवे.

आता नोंदीबद्दल. लोकलमध्ये किंवा फलाटावर मोबाईल मारला गेला, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो; गावाच्या ठाण्याच्या आकड्यात तो दिसतच नाही. रस्त्यावर मारला गेला तरी पुष्कळदा ‘गहाळ’ म्हणून दाखला हातात पडतो. नव्या सिमसाठी आणि हँडसेट ब्लॉक करण्यासाठी तेवढा कागद पुरतो, म्हणून तक्रारदारही हुज्जत घालत नाही. गहाळ दाखला म्हणजे गुन्हा नव्हे, तो कोणत्याच दरात धरला जात नाही. त्यात १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाल्यापासून पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरली आहे, म्हणजे तिचा एफआयआर थेट नोंदला जात नाही. त्यामुळे २०२४च्या अलीकडचे आणि पलीकडचे चोरीचे आकडे शेजारी शेजारी मांडण्यात अर्थ नाही. सोनसाखळी खेचणे पूर्वी जुन्या दंड विधानाच्या कुठे कलम ३९२ (जबरी चोरी) खाली, कुठे ३७९ (साधी चोरी) खाली नोंदले जाई. आता त्यासाठी ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. या सगळ्यामुळे जिथे फिर्याद सहज घेतली जाते तेच गाव कागदावर बदनाम होते.

मग तुलना कशाची करायची? जे लपवता येत नाही त्याची. खून दडपणे अवघड. वाहनचोरीत विम्याच्या दाव्याला एफआयआर लागतोच, त्यामुळे ती नोंद बऱ्यापैकी खरी असते. तिसरी घरफोडी, पण ती लोकसंख्येवर नव्हे, राहत्या घरांवर भागावी. चारशे फ्लॅटच्या संकुलात शंभर-सव्वाशे घरेच भरलेली असतील, तर उरलेली छेदात धरू नयेत. शिवाय नवरा-बायको दोघेही सकाळच्या लोकलने बाहेर पडणाऱ्या गावात बंद दाराचा कडीकोयंडा उचकटला जातो तो भर दुपारी. म्हणून दिवसाची आणि रात्रीची घरफोडी वेगळी पाहावी. हिंजवडीत नेमके उलटे : दिवसा बाहेरून येणारी नोकरदार मंडळीच एवढी, की रहिवाशांच्या संख्येवर भागलेला दर फुगतो.

हे घरबसल्याही तपासता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानुसार एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात (लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळून). महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर आयुक्तालय किंवा जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा निवडून ते पाहता येतात. न्याय संहितेचे कलम ३३१(३) म्हणजे दिवसाची घरफोडी, ३३१(४) रात्रीची. सोबत बहुधा ३०५ (घरातली चोरी) असते. मे महिना आणि दिवाळीचा महिना जरूर मोजा, कारण गावी गेलेल्यांची घरे तेव्हाच बंद असतात. एकाच महिन्यावर विसंबू नका. एक टोळी आली, आठवड्यात दहा घरे फोडून गेली, एवढ्याने छोट्या ठाण्याचा आकडा उसळतो.

सुरक्षितता म्हणजे केवळ चोरांपासून सुटका नव्हे, हेही ओघाने सांगतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. मुंबई शहरातल्या वर्षभराच्या खुनांच्या दसपटीहून जास्त. बदलापूर की विरार हे ठरवताना सकाळच्या गाडीत दाराच्या आत पाय ठेवायला जागा मिळते का, हा प्रश्न घरफोडीच्या दराइतकाच सुरक्षिततेचा आहे. तो कुठल्याच क्रमवारीत नसतो.

पोलीस आयुक्तालयांनी दरमहा ठाणेनिहाय खून, वाहनचोरी, दिवसा-रात्रीची घरफोडी आणि सोनसाखळी चोरी, तसेच मंजूर व प्रत्यक्ष हजर मनुष्यबळ हे आकडे आपणहून प्रसिद्ध करावेत. माहिती अधिकाराच्या कलम ४चा हेतूही तोच आहे. तोवर सोसायटीतल्या एखाद्या रहिवाशाने स्वतःच्या नावाने, नमुना ‘अ’मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. विषय एकच ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणावरून तो परत येतो. ‘गुन्हेगारीची माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता पोलीस ठाणे, कलम आणि महिना लिहून आकडे मागावेत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)