वाल्झरची लिपी गुप्त नव्हती

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला रॉबर्ट वाल्झरवरचा लेख वाचला. या स्विस लेखकावर मराठीत कुणी लिहिलं याचा आनंद दुसऱ्या परिच्छेदातच संपला. ‘मनोरुग्णालयात, वेडाच्या भरात, स्वतः रचलेल्या गुप्त लिपीत’ त्याने लिहिलं, हा समज १९५७ सालचा आहे. तेव्हा वाल्झरचा मित्र कार्ल झेलिग याने ‘डू’ मासिकात त्याच्या हस्तलिखिताचं एक पान छापून ती लिपी उलगडणारी नाही असं जाहीर केलं. वाल्झरचा अभ्यासक योखेन ग्रेवेनने ते खोडून काढलं, त्यालाही आता कितीतरी दशकं झाली.

ती कुरेंट आहे. जर्मन शाळांत तेव्हा सगळेच शिकत ती, मोडीसारखी धावती लिपी. अक्षरांची उंची मात्र एक-दोन मिलिमीटर. कुरेंटमधले ‘ए’ आणि ‘एन’ मुळातच एकसारखे. इतक्या बारीक आकारात शब्दाचं शेपूट नुसती रेघ होतं, त्यात शिसपेन्सिल पुसट झालेली. काही मजकूर छापून आलेला असल्यामुळे ताडून पाहता आला. उरलेलं वेर्नर मोरलांग आणि बर्नहार्ड एश्टे यांनी भिंगाखाली वर्षानुवर्षं वाचलं. त्याचे सहा खंड १९८५ ते २००० या काळात निघाले.

आणि वेड? वाल्झरच्या मागे राहिलेल्या ५२६ कागदांतले सर्वांत जुने १९२४च्या सुमाराचे. ‘रॉयबर’ (दरोडेखोर) ही अख्खी कादंबरी १९२५ची, २४ कागदांवर. वाल्डाऊच्या रुग्णालयात तो गेला जानेवारी १९२९मध्ये. १९३३मध्ये मनाविरुद्ध हेरिसाऊच्या रुग्णालयात हलवल्यावर लेखन थांबलंच. पेन्सिलीने असं लिहिण्याचं कारण त्याने स्वतः १९२७मध्ये संपादक माक्स रिश्नरला पत्रातून कळवलं होतं: टाक धरला की हात आखडायचा, म्हणून आधी पेन्सिलीने कच्चं, मग शाईने पक्कं. पक्की प्रत बर्लिन-प्रागच्या दैनिकांना जायची, त्या मानधनावर पोट चालायचं. कच्च्यासाठी कॅलेंडरची पानं, पाकिटं, मानधनाच्या चिठ्ठ्याही चालत. दैनिकांसाठी राबलेल्या माणसाची ही शिस्त एका दैनिकाने वेड म्हणून छापावी, याचा मनस्वी राग आला.

दुसरं, २५ डिसेंबर १९५६ला बर्फात पडलेल्या त्याच्या देहाचं छायाचित्र अर्धं पान व्यापून का? त्याच्या हस्ताक्षराचा एकही कागद तुम्ही दाखवला नाही. चूक दुरुस्त करा, आणि सोबत एक कागद मूळ आकारात छापा. दोन कॉलमांची जागा पुरेल.

— एक वाचक, नाशिक