नागपुरात शेकोटी?

महोदय,

चाळीस वर्षं मी सुतारकाम करतो. काटोल रोडवरच्या एका फार्महाऊसला यंदा 'युरोपियन ऊब' हवी होती: फायबरच्या खोट्या तुळया, भिंतभर काच आणि भिंतीतली शेकोटी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात! शेवटी तिच्या कोनाड्यात कूलर बसला.

अहो, फ्रान्सच्या प्रोव्हान्समधली जुनी शेतघरं उन्हाशीच झुंजणारी. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, भाजक्या मातीच्या फरश्या, दुपारी ओढून घ्यायच्या लाकडी झडपा. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्यांत वेगळं काय होतं? मी सागाच्या खऱ्या तुळया सुचवल्या, वरून जवसाच्या तेलाचा हात. मालक म्हणाले, "मिस्त्री, फोटोत असं नाही."

आता काचेसाठी जाड पडदे शिवायला टाकलेत.

– एक सुतार, महाल, नागपूर