ऑपेराच्या पडद्यामागचा काळ

महोदय,

एकोणिसाव्या शतकातील ऑपेराच्या पार्श्वभूमीवरील ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत गायिका आणि उमराव हटकून नाट्यगृहातील खासगी कक्षात भेटतात (आणि बाहेर चांदणे असतेच!). पडद्यामागे मात्र कादंबरीकार क्वचितच डोकावतात. १८५३ मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ‘ला त्राव्हियाता’ हा व्हेर्दीचा ऑपेरा प्रथम सादर झाला, तेव्हा त्याचे समकालीन कथानक अधिकाऱ्यांच्या आग्रहाखातर सुमारे दीडशे वर्षे मागे ढकलावे लागले. पॅरिस ऑपेरात १८६२ साली तालमीच्या वेळी एम्मा लिव्री या तरुण नर्तिकेचा तलम झगा गॅसच्या दिव्यावर पेटला आणि पुढच्या वर्षी त्या जखमांनीच ती दगावली. ज्या कादंबरीची नायिका याच रंगमंचावर पोट भरते, तिच्यात या धाकाचा आणि धोक्याचा मागमूसही नसावा, हे मला खटकते.

– एक वाचक