डीप क्लीनिंगला बोलावलं आणि फरशी जाळून गेले, वर आमचा हौदही रिकामा केला

प्रति,
तक्रार अधिकारी / कस्टमर केअर,
घर साफसफाई विभाग

विषय: लातूर इथल्या डीप क्लीनिंग बुकिंगबद्दल तक्रार, पैसे परत मिळणे आणि नुकसानभरपाई

नमस्कार साहेब/मॅडम,

ॲपच्या चॅटवर चार वेळा लिहून झालं, चारही वेळा "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे" एवढंच आलं आणि शेवटी दोनशे रुपयांचं कूपन, ते पण पुढच्या बुकिंगला वापरायचं म्हणे. पुढचं बुकिंग कोण करायलंय इथं. म्हणून आता सगळं एकदाच बैजवार लिहून मेल करतेय, लांब झालंय पण पूर्ण वाचा.

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाकडून लातूरला राहायला आलो, मुलीच्या अकरावीसाठी. लातूर पॅटर्नपायी, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या अभ्यासपद्धतीपायी, मे-जूनमधे किती बिऱ्हाडं इथं येऊन पडतेत ते इथं येऊन बघा, घर मिळणं म्हणजे लॉटरी. त्यात आमच्या सासूबाईंची अट, डोक्यावर दुसरा मजला नको. आम्ही किल्लारीच्या बाजूचे, ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट त्यांनी डोळ्यानं बघितलेली आहे, त्यामुळं त्यावर वाद घालायचा नसतो. शेवटी एक जुनं बैठं घर मिळालं, शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, मागं छोटं अंगण आणि हौद. भाडं परवडणारं. फक्त आमच्या आधी तिथं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी पाच पोरं दोन वर्षं राहिलेली.

आता ती पोरं अभ्यासाला आली होती, घर पुसायला नाही, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण घर कसं होतं ते सांगते म्हणजे मी साफसफाई कामून बुक केली ते कळंल. गॅसच्या मागच्या भिंतीवर तेलाचा चिकटा इतका की चुकून हात टेकला तर सोडवून घ्यावा लागायचा. कोपऱ्या-कोपऱ्यात जळमटं, माळ्यावर उंदराच्या लेंड्या, मोरीच्या जाळीत केसांचा गोळा, बाथरूमच्या नळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बोटभर. भिंतीवर सगळीकडं चिकटपट्टीनं लावलेली सूत्रं, आणि दाराच्या मागं बॉलपेननं लिहिलेलं टाइमटेबल, "४.३० उठणे", त्याखाली दुसऱ्याच अक्षरात "कोण?" असं. आम्ही मायलेकी ते वाचून लई हसलो.

सामान टेम्पोत, सासूबाईंना दम्याचा त्रास, मिस्टर ड्यूटीवर. म्हणलं एवढं घासत बसण्यापेक्षा पैसे टाकावे आणि मोकळं व्हावं. तुमच्या ॲपवर लिहिलं होतं चार माणसं, सहा तास, मशीननं स्क्रबिंग, "घरासाठी सुरक्षित केमिकल". ४,२९९ रुपये आधीच ऑनलाइन भरले.

आली दोन पोरं. मशीन नाही. दोन खराटे, एक वायपर, एक निळी बादली आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणलेलं ॲसिड. बाटलीला लेबल नाही, काही नाही, पाण्याचीच बाटली. घरात लेकरू लहान असतं आणि तहान लागली म्हणून तोंडाला लावली असती तर? ह्या एका गोष्टीचं उत्तर मला लेखी पाहिजे.

मी सासूबाईंना घेऊन शेजारच्या मावशींकडं बसले होते कारण धूळ उडणार. अर्ध्या तासानं मावशीच म्हणल्या, "ओ, तुमच्या दारातून पाणी वाहायलंय की, एवढं पाणी कामून सांडलालेत?" जाऊन बघते तर अंगणातून गटारीला ओढा लागलेला. हौदाला मोटार लावून पाइपनं घर धुणं चालू. साहेब, आमच्या गल्लीत नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येतं. ह्याच गावाला २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या आधी मार्चमधे पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. तेव्हापासून इथला माणूस तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालतो. तुमच्या ऑफिसात हे माहीत नसंल तर माहीत करून घ्या, कारण लातूरमधे बुकिंग घेता तुम्ही. आदल्या रात्रीच भरलेला हौद तळाला गेला आणि दुसऱ्या दिवशी ९०० रुपयांचा टँकर आम्ही मागवला.

पण पाण्याचं एक वेळ सोडते. फरशी बघा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, कडप्पाही त्यातलाच. त्यावर ॲसिड पडलं की फसफस फेस येतो, त्या पोरांना वाटलं मळ निघायलाय, म्हणून अजून ओतलं. माझ्या मुलीनं दारातूनच ओरडून सांगितलं की तो मळ नाही, दगड विरघळायलाय, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आहेत ते, शाळेतच शिकवलेलं असतंय. तोवर हॉलची निम्मी फरशी आणि सगळा ओटा झालेला होता. आता फरशी पांढरी-पांढरी, हात फिरवला तर खरखरीत, आणि ओट्यावर जिथं त्यांनी ती बाटली टेकवली होती तिथं बरोबर गोल कडं उमटलंय. नवीन घरात दूध उतू घालवायचं असतं, ते मी त्याच ओट्यावर घातलं, दूध उतरून त्या कड्यात जाऊन बसलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.

आणि संडासात तर कहर. आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली, वरून तेच ॲसिड. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन गॅस होतो, हे साफसफाईच्या कंपनीला मी सांगायचं का? ठसका लागून दोघं पोरं बाहेर पळाली, डोळे लालभडक. मीच त्यांना अंगणात मोकळ्या हवेत बसवलं आणि पाणी दिलं. एकाच्याही हातात ग्लोव्ह्ज नव्हते, बोटांची सालं गेलेली. त्यांचं त्या दिवसातलं ते तिसरं घर होतं म्हणे. त्यामुळं एक स्पष्ट लिहिते, माझी तक्रार त्या पोरांवर नाही. त्यांना दंड करून मला "कारवाई केली" असं उत्तर पाठवू नका. त्यांना कुणी शिकवलं नाही, सामान दिलं नाही, हे तुमचं काम होतं.

दोन तास चाळीस मिनिटांत ते निघाले. "काकू, ओटीपी द्या, नाहीतर आमचे पैसे कटतेत" म्हणले, मी दिला. ही माझी चूक, कबूल. पण त्या ओटीपीच्या जोरावर तुमचं ॲप म्हणतं की ग्राहक समाधानी, आणि खाली "आधी" आणि "नंतर" असे फोटो. "नंतर"च्या फोटोत पांढऱ्या टाइल्सचं किचन आहे आणि खिडकीत मनी प्लांट. आमच्या किचनला खिडकीच नाही. दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडलेत.

मजा म्हणजे गॅसमागचा चिकटा तसाच, माळा तसाच, नळाचा क्षार तसाच. पुसलं काय, तर दारामागचं ते टाइमटेबल, ते मात्र चकाचक पुसलं, जे मला ठेवायचं होतं.

पुढचे चार दिवस आम्हीच केलं. मावशींनी सांगितल्यासारखं कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवून फडकं भिंतीला अर्धा तास चिकटवून ठेवलं, मग उलथण्यानं चिकटा पापुद्र्यासारखा सुटला. नळाला लिंबाची फोड बांधून ठेवली रात्रभर, तीसुद्धा खालच्या फरशीवर थेंब पडू नये म्हणून वाटी लावून. सगळं मिळून साठ-सत्तर रुपये लागले असतील. फरशीचं मात्र घरी काही होत नाही, पॉलिशवाल्यानं ओट्यासकट ११,००० सांगितलेत, आणि घरमालक म्हणतेत डिपॉझिटमधून कापतो.

तर मला पाहिजे ते असं: ४,२९९ परत, टँकरचे ९००, आणि पॉलिशचे ११,०००, त्याचं कोटेशन जोडलंय. कूपन नको. तुमच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर पण कळवा, ॲपवर कुठंच सापडला नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमात आहे की तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासात द्यायची आणि एक महिन्यात निकाली काढायची, माझी पहिली तक्रार होऊन अकरा दिवस झालेत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून नोंद केलीय. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आमच्या गावातच आहे, पाच लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही, आणि बिलं, फोटो सगळं फाइलला लावून ठेवलंय.

आणि हो, तुमच्या पोरांचा वायपर आणि ती निळी बादली आमच्या अंगणात राहिलीय. त्यांच्या पगारातून कापू नका, कुणाला तरी पाठवून घेऊन जा. ॲसिडच्या बाटलीत अजून थोडं शिल्लक आहे, त्यावर मी मुलीकडून मोठ्या अक्षरात "ॲसिड" लिहून घेतलंय आणि माळ्यावर कुलपात ठेवलीय, ती पण न्या.

तुमची ग्राहक,
लातूर