मृणालच्या नोकरीविषयी दिलीपला

सांगली

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आज दुपारी मिळालं आणि रात्रीच लिहायला बसलो. बँकेत लागलेली तुझी लेक मृणाल बिहारमधल्या मुजफ्फरपूरहून फोन करते आणि बोलता बोलता रडायला लागते, हे वाचून जीव कासावीस झाला. पण त्याखाली तू लिहिलंस, ‘आपण काय कमी सोसलं? ही पिढीच नाजूक.’ ते मला पटलं नाही. तू २००१ साली व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बँकेतून बाहेर पडलास. मी अजून आत आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मधल्या काळात बँक काय झाली ते तुला सांगायलाच हवं.

आपण क्लार्क म्हणून लागलो तेव्हा काम कमी नव्हतं. डे-बुक टॅली होईना, दिवसाचा हिशेब जुळेना म्हणून आपण कितीदा शेवटची एसटी चुकवली! पण फरक सापडला की काम संपायचं. आपण हसत घरी जायचो आणि गाढ झोपायचो. मृणालचं काम संपतच नाही. विम्याच्या पॉलिसी, क्रेडिट कार्ड, नवी खाती, थकीत कर्जांची वसुली. सकाळी टार्गेट, संध्याकाळी रिव्ह्यू आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाखांची यादी, शून्य असलेल्यांची नावं लाल रंगात. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात पॉलिसी मारायची हे तिच्या मनाला पटत नाही, आणि ‘नाही’ म्हणायची सोय नाही. प्रोबेशन दोन वर्षांचं, भाषा परकी, घर हजार किलोमीटरच्या पलीकडे. चुकलं तर ‘असू दे, मी बघतो’ म्हणणारे आपले हेडक्लार्क होते, तसं कुणी तिच्या शाखेत आहे का? माणसंच इतकी कमी आहेत की शिकवायला कुणाला वेळ नाही.

युनियनच्या शिबिरात बोलायचं होतं म्हणून मी या विषयावर थोडं वाचलं होतं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसत्या जास्त कामानं माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, ही जोडी माणसाला पोखरते. १९८५ पासून लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. मायकेल मार्मट त्याचे प्रमुख होते. ज्यांच्या हातात आपल्या कामाचे निर्णय कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. आपल्यासारखीच टेबलावर बसून काम करणारी माणसं रे ती, म्हणून मला ते इतकं लागलं.

आणि हा ताबा सुटण्याची जागा वयाप्रमाणे बदलते, हे मी माझ्याच शाखेत पाहतो. पंचविशीतल्या मुलांना वाटतं, आपणच नालायक आहोत. त्यांच्यापाशी मागचा अनुभव नसतो, त्यामुळे साहेबांचं ओरडणं ती खरं मानतात. चाळिशीतल्या बाई कामात वाघ असतात, पण बढती म्हणजे बदली, मुलगी दहावीला, सासू अंथरुणाला, म्हणून बढतीचा फॉर्मच भरत नाहीत. मग वर्षानुवर्षं धाकट्यांच्या हाताखाली काम करताना आतून कोमेजत जातात. आमच्या वयाचं निराळंच. १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या तेव्हा कितीतरी जणांच्या दारावरची पाटी बदलली, सॉफ्टवेअर बदललं आणि काल ज्यांना सगळे विचारायचे ते आज पासवर्ड विचारत फिरू लागले. त्यातच धास्ती, की जुन्या एखाद्या कर्जावरच्या सहीपायी निवृत्तीच्या तोंडावर चार्जशीट येईल. माझा एक सहकारी रात्री दोनला उठून जुन्या फायली आठवत बसतो. आम्हाला निदान पेन्शन आहे. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे बाजारावर अवलंबून असलेली, ठरावीक रकमेची हमी नसलेली योजना. मृणालला पुढचं तेही पाठबळ नाही.

म्हणून नाजूकपणाचं बोलू नकोस. बर्नआउटची व्याख्या करताना जागतिक आरोग्य संघटनेनंही कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या, आटोक्यात न आलेल्या ताणाकडेच बोट दाखवलं आहे. मुलीच्या स्वभावात खोट शोधायची गरज नाही.

आता काय करायचं ते. तिला ‘सोस’ म्हणू नकोस, आणि ‘दे सोडून’ असंही लगेच म्हणू नकोस. तो निर्णय तरी तिच्या हातात राहू दे. तिला नेमकं विचार : झोप लागते का, जेवते का, सकाळी शाखेत जायच्या विचारानं छातीत धडधडतं का, ‘जगणंच नको’ असं कधी वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारायला कचरू नकोस, विचारल्यानं असं काही मनात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी गाडी पकड, तिच्याजवळ जा आणि डॉक्टरांना दाखव. एरवीही मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर तिच्याकडे असू दे. रात्री-अपरात्री फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हक्काची रजा टाकून तिला आठवडाभर घरी येऊ दे. ऑफिसर्स असोसिएशनच्या तिथल्या प्रतिनिधीला मी स्वतः फोन करतो. रात्रीचे मेसेज आणि चारचौघांतला अपमान याविरुद्ध एकट्या प्रोबेशनरनं बोलणं अवघड, संघटनेनं बोललं तर ऐकून घ्यावं लागतं.

आणि तिच्याशी बोलताना आपल्या काळच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेव. वहिनींना फोन देण्याआधी तू स्वतः दहा मिनिटं नुसतं ऐक. येणारा शनिवार दुसरा आहे, बँका बंद. तिला कुठल्या मोहिमेला बोलावलं नसेल तर दुपारी आपण तिघं एकत्र फोनवर बोलू. तिला विचारून मला वेळ कळव.

तुझा,
अविनाश