संकरित वाण अनेक, मादी मात्र एकच

संपादक महोदय,

संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, ही निव्वळ कंपन्यांची चाल असल्याचं सर्रास बोललं जातं. फायदा त्यांचा होतो हे खरं, पण कारण जनुकशास्त्रात आहे. दोन शुद्ध ओळींच्या (पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या राहणाऱ्या वाणांच्या) संकरातून आलेला जोम पहिल्या पिढीपुरता असतो. त्या पिकातलं बी पुन्हा पेरलं की विषमयुग्मता, म्हणजे एकाच जनुकाची दोन वेगळी रूपं जोडीने असणं, निम्म्यावर येते. ताटं उंच-बुटकी होतात, कणसं मागेपुढे निसवतात, उतारा घटतो.

काळजी करायची तर मादी ओळीची, म्हणजे ज्या ओळीवर संकरित बी धरतं तिची करावी. तिचा स्वतःचा पराग आधी रोखावा लागतो. मक्याचा तुरा वेगळा असल्याने तो उपटला की भागतं. ज्वारी-भाताच्या इवल्या फुलात नर-मादी एकत्र, तिथे शेतभर पुंकेसर काढत कोण बसणार? १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी ज्वारीत पेशीद्रव्यातून (पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या, आईकडूनच येणाऱ्या भागातून) येणारं नर-वंध्यत्व, म्हणजे सुपीक पराग न बनणं, दाखवलं आणि वाट मोकळी झाली. तेव्हापासून शेतात मादीची चार आणि नराची दोन तासं अशी पेरणी होते. दोघांचा फुलोरा जुळला नाही तर दाणेच भरत नाहीत. शिवाय मादीच्या तासांत चुकार सुपीक (पराग देणारी) झाडं निघतात. वंध्य झाडाचे परागकोश बारीक, सुरकुतलेले असतात. चुकाराचे टपोरे, पिवळे. रोज सकाळी पराग उडण्याआधी ती उपटली नाहीत तर भेसळ ठरलेली.

पण खरा फटका एकसारखेपणाचा. १९७० मध्ये अमेरिकेत बहुतेक संकरित मका टेक्सास पेशीद्रव्यावर, म्हणजे नर-वंध्यत्वाच्या एकाच स्रोतावर, उभा होता. पराग मारणाऱ्या त्याच जनुकामुळे करपा बुरशीचं विष त्याला बाधलं आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. बियाणे कंपन्या पुन्हा तुरे उपटू लागल्या. भारतात बाजरीच्या सुरुवातीच्या संकरांची मादी टिफ्ट २३ए. तिच्यावरचे वाण सत्तरीच्या दशकात केवडा या बुरशीजन्य रोगाने झोपले. इथे दोष पेशीद्रव्याचा नव्हता, त्या ओळीच्या केवड्याला बळी पडणाऱ्या जनुकांचा होता. भिस्त मात्र दोन्हीकडे एकाच मादीवर.

आता भातात जनुक-संपादनाने संकराचंच हुबेहूब बी देणारी रोपं तयार झाली आहेत. २०१९ मध्ये हे प्रथम साधलं. शेतापर्यंत पोहोचलं तर घरचं बी पेरूनही जोम टिकेल. मात्र एकच वाण मैलोन्‌मैल पसरण्याचा धोका त्याने वाढेल. म्हणून नव्या वाणाच्या नोंदणीतच मादीच्या पेशीद्रव्याचा स्रोत जाहीर करणं सक्तीचं करावं आणि एका स्रोतावर किती क्षेत्र उभं आहे, हे दर हंगामात प्रसिद्ध व्हावं.

– बीजोत्पादन क्षेत्रातील एक वाचक